मर्दन : कला, बलुते आणि उपचार
(उत्तर कोकणातील पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शरीराला हात लावून ते मोकळे करण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तेल लावणे, अंग चोळणे, रगडणे, चेपणे, पाय चुरणे, तुडवणे, मर्दन, मालिश, चंपी असे कितीतरी शब्द वापरात आहेत आणि ते एकमेकांचे समानार्थी नाहीत. तान्ह्या बाळाचे अंग चोळतात, पैलवानाला रगडतात, थकलेल्या वडीलधाऱ्यांचे पाय चेपतात. मर्दन हा पोथीतला आणि तालमीतला शब्द आहे. मालिश हा फारसीतून हिंदुस्थानीमार्गे मराठीत रुळला. चंपी हा मुंबईच्या चौपाटीवर अधिक ऐकू येतो. प्रत्येक शब्दामागे एक वेगळा हात आहे, आणि त्या हाताची सामाजिक पायरीही वेगळी आहे.

मर्दनाविषयीचे लेखन बहुधा दोन प्रकारचे आढळते. एक, आयुर्वेदाच्या संहितांतील वचने एकत्र करून या विद्येचे प्राचीनत्व सांगणारे. दुसरे, पाश्चात्त्य मसाजचे प्रकार व फायदे सांगणारे. दोन्हींत करणाऱ्याचा हात फारसा दिसत नाही. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांनी स्वतः रोज अंग रगडून पोट भरले नाही आणि ज्यांनी रगडले त्यांनी काही लिहून ठेवले नाही. विसाव्या शतकात ही विद्या इस्पितळात, निसर्गोपचार केंद्रात व महाविद्यालयात पोहोचली. परंतु ज्यांच्या हातांत ती पिढ्यानपिढ्या होती ते न्हावी, सुईण, हाडवैद्य व वस्ताद त्या दारातून आत गेले नाहीत. प्रस्तुत लेखात या विलगीकरणाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला पालघर जिल्हा यासाठी सोयीचा आहे. आदिवासी पाडे, कोळीवाडे, वाडवळ-भंडारी वस्तीची जुनी गावे, अणुऊर्जा केंद्र आणि औद्योगिक वसाहत ही सारी येथे काही मैलांच्या अंतरात नांदतात, आणि मर्दनाची जुनी व नवी रूपे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

ग्रंथांतील मर्दन

आयुर्वेदाच्या तिन्ही प्रमुख संहितांत अभ्यंगाचा विचार दिनचर्येच्या अंगाने झालेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात तेल लावण्याचे महत्त्व सांगताना मडके, कातडे आणि गाडीचा आस यांचे दृष्टान्त दिले आहेत. तेलाने जसे हे पदार्थ टिकाऊ व भार सोसणारे होतात तसे शरीर होते, असा त्याचा आशय. हे दृष्टान्त कुंभार, चांभार आणि गाडीवान यांच्या कामातून घेतलेले आहेत ही गोष्ट लक्षणीय आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान व तळपाय यांना, असे सांगून कफाचा विकार, अजीर्ण किंवा नुकतेच झालेले शोधन अशा अवस्थांत तो वर्ज्य ठरविला आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन व संवाहन यांत भेद केला आहे. अभ्यंगात तेल मुख्य, उद्वर्तनात चूर्ण चोळणे मुख्य, तर संवाहनात हळुवार दाबणे मुख्य. संवाहनाने सुख व झोप येते आणि श्रम जातात, असे तो सांगतो. आजच्या भाषेत बोलायचे तर उपचार आणि आराम यांतील सीमारेषा सुश्रुताच्या मनात स्पष्ट होती.

संहितांमधून हात मात्र अदृश्य आहे. तेल कोणते, किती, कोणत्या ऋतूत, कोणाला चालेल, हे सारे आहे. चोळणाऱ्याने किती काळ शिकावे, त्याचे स्थान काय, याविषयी जवळजवळ मौन आहे. त्यासाठी अन्य वाङ्मयाकडे वळावे लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्तहेरांनी कोणकोणती सोंगे घ्यावीत याची यादी आहे. तीत आचारी, स्नान घालणारा, अंथरूण घालणारा, न्हावी यांच्याबरोबर संवाहकही येतो. ज्याला अंगाला हात लावण्याची मुभा आहे त्याला घरातील गुपितांपर्यंतही वाट आहे, हे कौटिल्याने नेमके हेरले होते. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत अंग रगडणे, चेपणे व केशमर्दन यांतील नैपुण्य ही एक स्वतंत्र कला मानली आहे.

या दोन टोकांमधील ताण शूद्रकाच्या मृच्छकटिकात एका पात्राच्या तोंडी आला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या रूपांतरामुळे हे नाटक मराठी रसिकांना परिचित आहे. त्यातील संवाहक हा मूळचा पाटलिपुत्राचा, चांगल्या घरचा. अंग चेपण्याची विद्या त्याने हौसेने, कला म्हणून शिकली. उज्जयिनीत आल्यावर तीच त्याच्या चरितार्थाचे साधन झाली. वसंतसेना या कलेच्या नाजूकपणाचे कौतुक करते तेव्हा तो खंतावून सांगतो की कला म्हणून शिकलेली ही गोष्ट आता पोटाचा धंदा झाली आहे. जुगारात बुडालेला हा संवाहक अखेर बौद्ध भिक्षू होतो. कला आणि चाकरी यांतील अंतर कौशल्याचे नसून पैसे देणारा आणि घेणारा यांच्या नात्याचे आहे, ही समज त्या संवादात आहे. मर्दनाचा पुढील इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

दख्खनच्या संदर्भात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या नावावरील मानसोल्लास हा ग्रंथ महत्त्वाचा आहे. राजाच्या उपभोगांत स्नान व पादाभ्यंग यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत आणि विनोदांत मल्लांच्या खेळांचे वर्णन आहे. तळपायाला तेल लावून घेणे हा राजाचा उपभोग. तेल लावणाऱ्याची बाजू तेथेही नाही.

गावगाड्यातील हात

मध्ययुगीन व उत्तर-मध्ययुगीन महाराष्ट्रात ही बाजू गावगाड्यात सापडते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे त्यात न्हावी हा हजामतीपुरता मर्यादित नाही. लग्नकार्यातील मानपान, मशाल धरणे, निरोप पोहोचवणे, पाहुण्यारावळ्यांचे हातपाय चेपणे अशी कामे बलुत्याच्या बदल्यात त्याच्याकडे असत. म्हणजे मर्दनाला स्वतंत्र मोल नव्हते. सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्यात ते गृहीत धरलेले होते. त्याची किंमत कधी ठरलीच नाही, म्हणून त्याचे कौशल्यही कधी मोजले गेले नाही. मर्दनाच्या इतिहासातील ही सर्वांत निर्णायक बाब मानावी लागेल.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सर टॉमस रो याचा पाद्री म्हणून हिंदुस्थानात राहिलेल्या एडवर्ड टेरी याने येथील श्रीमंत लोक आराम करताना न्हाव्याला बोलावून हातपाय दाबून व थापटून घेतात, व्यायामाऐवजी रक्त खेळते ठेवण्याचा हा मार्ग आहे, असे नोंदविले आहे. टेरीचे निरीक्षण प्रामुख्याने सुरत व मोगल दरबाराच्या परिसरातील असले तरी सुरत आणि उत्तर कोकण यांच्यातील अंतर पाहता ही रीत येथे अपरिचित असण्याचे कारण नाही.

संतसाहित्यात या कामाकडे पाहण्याची अगदी वेगळी दृष्टी दिसते. संत सेना महाराज हे न्हावी समाजातील वारकरी संत. महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) त्यांची कथा येते. राजाचे बोलावणे आले असता सेना महाराज पूजेत दंग होते, म्हणून विठ्ठलानेच त्यांचे रूप घेऊन राजाची चाकरी केली आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसले, अशी ती कथा आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे गौण आहे. ज्या कामाला समाजाने चाकरी म्हटले ते काम देवाने स्वतःच्या हातांनी केले आणि साक्षात्कार घडला तो देवळात नव्हे तर तेलाच्या वाटीत, ही कल्पना सांगणाऱ्यांना व ऐकणाऱ्यांना महत्त्वाची वाटली, ही इतिहासदृष्ट्या मोलाची गोष्ट आहे. मर्दनाच्या प्रतिष्ठेविषयी संस्कृत ग्रंथांत जे सापडत नाही ते या कथेत सापडते.

पुरुषांच्या बाबतीत जे स्थान न्हाव्याचे, ते स्त्रियांच्या व बालकांच्या बाबतीत सुईणीचे होते. ती कोणत्याही एका जातीची नसे. प्रसूती, नाळ कापणे, त्यानंतर सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेक-शेगडी व धुरी देणे हे तिचे क्षेत्र. बाळाचे नाक, डोके, पाय यांना हाताने आकार देण्याची समजूत, पायांवर आडवे घेऊन न्हाऊ घालण्याची पद्धत, बाळंतिणीचे पोट बांधणे, हे ज्ञान सासूकडून सुनेला आणि सुईणीकडून तिच्या लेकीला पाहून पाहून मिळत आले.

याशिवाय काही हात जन्माने विशेष मानले गेले. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या व्यक्तीचा पाय कमरेवर फिरला की उसण जाते ही समजूत कोकणात आणि देशावर सारखीच प्रचलित होती. तिला वैद्यकीय आधार नाही. परंतु उसण भरलेल्या माणसाला पालथे झोपवून पाठीवर दाब देणे ही क्रिया त्या समजुतीच्या आत दडलेली आहे, हेही विसरता येत नाही. घरगुती पातळीवर काशाच्या वाटीला तूप लावून तळपाय घासण्याची रीत तर अलीकडेपर्यंत मराठी घरांत नित्याची होती. उन्हाळ्यात किंवा ताप उतरल्यावर वाटी काळी पडेपर्यंत तळवे घासले जात. नरकचतुर्दशीचे पहाटेचे अभ्यंगस्नान हे या साऱ्याचे सणातील रूप होय. एरवी ज्या घरात तेल लावण्याचे काम बाईमाणसांचे किंवा चाकरमाणसाचे, तेथे त्या पहाटे आईच्या व पत्नीच्या हाताला धार्मिक मान मिळतो.

उत्तर कोकणातील परिस्थिती

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली जातिजमातींचे व्यवसायवार वर्गीकरण आले. त्यात न्हावी हे परटांसमवेत वैयक्तिक सेवा करणाऱ्या वर्गात मोडले. वासाहतिक प्रशासनाच्या या वर्गीकरणाने बलुत्यातील गुंतागुंतीचे नाते 'सेवा' या एका शब्दात बसवले. शल्यकर्म, गळू फोडणे, जळवा लावणे, हातपाय बसवणे ही न्हाव्याची वैद्यकाला लागून असलेली अंगे त्या चौकटीत मावली नाहीत.

या भागातील साधने मात्र स्थानिक होती. किनाऱ्यालगत खोबरेल, डोंगराळ पट्ट्यात मोहाच्या बियांचे व करंजाचे तेल, सांधेदुखीला एरंडेल आणि निर्गुडीच्या पाल्याचा शेक. पालघर तालुक्यात सातिवली, कोकनेर व हालोली येथे गरम पाण्याचे झरे आहेत, तर दक्षिणेस भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडे प्रसिद्ध आहेत. त्वचेच्या व सांध्यांच्या तक्रारी असलेले लोक या कुंडांवर येत आले आहेत. युरोपात अशा झऱ्यांभोवती स्नानगृहे, वैद्य व मर्दन करणारे यांची संस्थात्मक व्यवस्था उभी राहिली; येथे देवस्थाने उभी राहिली. हा फरक केवळ श्रद्धेचा नसून भांडवलाचाही आहे.

आदिवासी पट्ट्यात शरीरश्रमाचे नाते याहून कठोर होते. वारली समाजावर लादलेली वेठ आणि लग्नगडी या पद्धतींविरुद्ध मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेने भरविलेल्या परिषदेपासून मोठा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्याची हकिकत आहे. दुसऱ्याच्या शरीरासाठी केलेले श्रम कधी कलेच्या, कधी मायेच्या, कधी बलुत्याच्या नात्याने घडतात. वेठीत ते निव्वळ सक्तीने घडतात. मर्दनाचा इतिहास लिहिताना स्पर्शाचे गोडवे गाण्याचा मोह होतो, तो आवरण्यासाठी हे स्मरण पुरेसे आहे.

चांपण्यापासून शाम्पूपर्यंत आणि आखाड्यापासून इस्पितळापर्यंत

ज्या काळात कोकणातील न्हावी बलुत्यावर पाय चेपत होता, त्याच काळात या विद्येने इंग्लंडमध्ये वेगळाच मान मिळविला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद यांनी ब्रायटन येथे वाफेचे स्नान व चंपी यांचे स्नानगृह काढले, १८२२ मध्ये या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांचे 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून नाव कमावले. हिंदुस्थानी 'चांपना' या क्रियापदापासून इंग्रजी 'शाम्पू' आला. पुढे त्याचा अर्थ केस धुण्यापुरता उरला आणि तो बाटलीत बंद होऊन परत आपल्याकडे आला. ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. दीन महंमद यांनी आपल्या हाताच्या कामावर स्वतः पुस्तक लिहिले, म्हणून ते इतिहासात राहिले.

युरोपात पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामाची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. हॉलंडचे योहान गेओर्ख मेझगर यांच्या प्रभावाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासणे, मळणे, थोपटणे अशा क्रियांना शास्त्रीय नावे व वर्गीकरण लाभले. तरीही प्रतिष्ठेचा प्रश्न सुटला नव्हता. लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली अनैतिक व्यवसाय चालतात असा गवगवा १८९४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून झाला, तेव्हा काही परिचारिकांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मर्दन करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. परीक्षा, प्रमाणपत्र, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उपचार असे कडक नियम त्यांनी स्वतःवर लादून घेतले. या संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि तिच्यातूनच ब्रिटनमधील फिजिओथेरपीचा व्यवसाय आकाराला आला. भारतातील न्हावी व सुईण यांना अशी संघटना उभारता आली नाही. त्यासाठी लागणारी साक्षरता, शहरी वस्ती आणि डॉक्टरवर्गाशी सामाजिक जवळीक त्या परिचारिकांकडे होती, यांच्याकडे नव्हती.

मराठी मुलखात मर्दनाला स्वतंत्र विद्या म्हणून काही अंशी मान मिळाला तो तालमीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. तालमीत मर्दन हे परस्परांचे असते. आज ज्याने रगडले त्याला उद्या दुसरा रगडतो. लहान पोर वस्तादाचे अंग रगडते आणि वस्तादही पट्ठ्याच्या खांद्याला हात घालतो. जातीच्या चौकटीत एकतर्फी असलेली ही क्रिया आखाड्याच्या मातीत दुतर्फी होते, म्हणूनच कदाचित तेथे तिला चाकरीचा वास आला नाही. बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव हे हाडे बसविणे व मर्दन यांसाठी दूरवर ख्यात होते. त्याच शहरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत मराठीतून सिद्ध केला आणि १९५० मध्ये भारतीय शरीरसंवर्धनाचा एकखंडी इंग्रजी कोश काढला. आखाड्यातील मर्दनाचे प्रकार छापील स्वरूपात मराठी माणसाने नोंदविल्याचे हे ठळक उदाहरण होय. सुईणीच्या विद्येला असा कोशकार लाभला नाही.

निसर्गोपचाराची वाट पुण्यातून गेली. पारशी निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयात महात्मा गांधी वेळोवेळी राहिले. १९४५ मध्ये तेथे निसर्गोपचाराचा अखिल भारतीय न्यास स्थापन झाला व गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी, मार्च १९४६ मध्ये, उरुळी कांचन येथे आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाई यांनी तो वाढविला. पुण्यातील जागेत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्यरत आहे. गांधीजी स्वतः नियमाने तेलाचे मालिश घेत. शहरातील श्रीमंतांचे निसर्गोपचार खेड्यातील गरिबाला परवडले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह उरुळीच्या निवडीमागे होता. मात्र खेड्यात आधीच असलेल्या मर्दन करणाऱ्यांना त्या रचनेत कोणते स्थान द्यावे, हा विचार तेथे पुढे आला नाही.

तिसरी वाट इस्पितळाची. पोलिओग्रस्त मुलांसाठी फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत चिकित्सालय सुरू केले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के.ई.एम. रुग्णालयात १९५३ मध्ये देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय उभे राहिले, आणि १९५५ मध्ये हाजी अली येथील पुनर्वसन संस्था स्थापन झाली. अभ्यासक्रम इंग्रजीतून होता, शिक्षक प्रारंभी परदेशी होते आणि प्रवेशाला विज्ञानाची पार्श्वभूमी आवश्यक होती. मर्दन हा त्यातील एक भाग होता. पुढे विद्युत उपकरणे व व्यायामपद्धती यांना अधिक महत्त्व येऊन तो भाग आक्रसला. २००२ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात या व्यवसायासाठी परिषद आली व २०२१ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच होते. हाडवैद्याने करकचून बांधलेल्या पट्टीने रक्तप्रवाह बंद पडून हात गमावण्याचे प्रसंग शल्यचिकित्सकांना अपरिचित नाहीत.

सुईणीच्या तेल-चोळीचे मात्र काही प्रमाणात विज्ञानानेच समर्थन केले. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बालकांना नियमित मर्दन दिल्यास त्यांचे वजन ४७ टक्के अधिक वेगाने वाढते असे दाखविले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या वजनवाढीच्या बाबतीत खोबरेल तेल हे खनिज तेलापेक्षा सरस ठरले. कोकणातील सुईण खोबरेलच वापरत होती. त्याचबरोबर नाकाकानांत तेल घालण्याची तिची सवय बालरोगतज्ज्ञ धोकादायक मानतात, कारण ते तेल फुप्फुसात जाऊ शकते. परंपरेतील काय ठेवावे आणि काय टाकावे हे तिच्याशी बोलूनच ठरू शकते. तिला वगळून केलेली निवड तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

बोईसर-तारापूर : नवे शरीर, नवे दुखणे

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली आणि त्यानंतरच्या दशकात बोईसर येथे औद्योगिक वसाहत वाढू लागली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. शेती, मासेमारी व मिठागरे यांवर जगणाऱ्या परिसरात पाळीचे काम, महिन्याचा पगार आणि परप्रांतातून आलेला कामगार हे नवे घटक आले. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे हलवावी लागली. त्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. गाव हलते तेव्हा घरांची मोजणी होते, झाडांची होते. कोणत्या घराची सुईण कोण आणि कोणाच्या दारी कोणता न्हावी येतो, या नात्यांची नोंद भरपाईच्या कागदावर होत नाही.

बलुते संपल्यावर न्हाव्याचे सलून झाले. त्यात हजामतीनंतर डोक्याला व मानेला दोन-चार मिनिटे दिलेली मालिश हा जुन्या चाकरीचा उरलेला अवशेष होय. फरक इतकाच की आता तिचे पैसे रोख मिळतात आणि नको असल्यास नाहीही म्हणता येते. हा फरक लहान मानू नये. बोईसरच्या खोल्यांतून दाटीने राहणाऱ्या, दिवसभर गोण्या उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या पाठीसाठी राज्य कामगार विम्याची कायदेशीर तरतूद १९४८ पासून आहे. परंतु प्रत्यक्षात त्याची पहिली धाव औषधाच्या दुकानातील बामकडे असते. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत १८९३ साली अमृतांजन आणला, तेव्हापासून हाताचे काम डबीने करण्याची सवय शहराला लागली. चोळायला दुसरे माणूस लागत नाही, हेच त्या डबीचे सामर्थ्य.

अलीकडच्या काळात महामार्गालगत व स्थानकाजवळ स्पा, मसाज केंद्रे, केरळी आयुर्वेदाच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. तेल चोळण्याची परंपरा केरळातून आणावी लागावी, हे ज्या मुलखात घरोघरी सव्वा महिना बाळंतीण चोळली जाते तेथे जरा विचित्रच. या केंद्रांपैकी काहींवर अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली छापे पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांकडेही संशयाने पाहिले जाते. लंडनमध्ये १८९४ मध्ये जे घडले त्याच्याशी याचे साम्य आहे. तेथील परिचारिकांनी संघटनेने उत्तर दिले; येथे ती संघटना अद्याप नाही.

सुईणीच्या बाबतीत बदल अधिक खोल आहे. २००५ पासून जननी सुरक्षा योजना व आशा कार्यकर्त्या यांमुळे प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या आणि माता व बालकांचे जीव वाचले. या धोरणाचे मोल निर्विवाद आहे. त्यातून सुईणीच्या हातून नाळ गेली, तेल मात्र राहिले. पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू या गावांत आज तिला सुईण म्हणत नाहीत, मालिशवाली बाई म्हणतात. सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या बाळंतिणीकडे ती सकाळी येते, पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते, पाण्याचा चटका कोपराने पाहते. पूर्वी तिला धान्य, नारळ आणि बाराव्या दिवशी लुगडे मिळे. आता चाळीस दिवसांची रक्कम आधी ठरते आणि जुळे असल्यास वेगळी मागितली जाते.